पाटीला हात

एक्क्याण्णव सालची गोष्ट. डोंबिवली पश्चिमेला डॉक्टर जयांच्या दवाखान्याखाली ‘महिला सल्ला केंद्र, दर शनिवारी’ असा बोर्ड लागून तीन महिने झाले, तरी सल्ल्यासाठी एकही बाई जिना चढली नव्हती. डॉक्टर आणि त्यांची वकील मैत्रीण चहा पिऊन घरी जायच्या.

जनाबाई कोळीण खोकल्याच्या औषधाला आली आणि बोर्ड बघून हसलीच. “डाक्टरीणबाई, भर बाजारात या बोर्डाखालून कोण चढंल? मी तरी चढले असते का?”

बारा वर्षांपूर्वी नवऱ्यानं वल्ह्यानं तिचा हात मोडला होता. तेव्हा तिनंही चिखलात पडले म्हणूनच सांगितलेलं. पुढं ती वेगळी झाली आणि दारोदार मासळी विकू लागली. डॉक्टरांना न दिसणारं तिला रोज दिसायचं. डोक्यावरची भरली पाटी एकटीला उतरवता येत नाही; घरातली सून पुढं होऊन हात लावते. हात वर गेला की बांगड्या मागं सरतात, वळ दिसतात. दोघींची तोंडं जवळ येतात, तेवढ्यात सासूला ऐकू न जाता दोन वाक्यं होतात.

‘खोकल्याचं निमित्त करून शनिवारी जा,’ असं जनाबाई बायकांच्या कानात सांगू लागली, आणि दोन महिन्यांत पाच जणी ‘खोकल्यासाठी’ जिना चढल्या. वकीलबाईंना चहा प्यायला सवड उरली नाही.

सहावी रतन. पाटी उतरवताना तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. “आता मारलं तर मी वाचत नाही,” एवढंच ती पुटपुटली. नवरा दौलत आणि सासू तिला घराबाहेर सोडतच नव्हते. जनाबाईकडून हे ऐकून डॉक्टरांना राहवलं नाही. त्या वकीलबाईंना घेऊन थेट रतनच्या दारात गेल्या. सासूनं, रखमाबाईनं, दार तोंडावर आपटलं.

जनाबाईनं कपाळाला हात लावला. “बाई, एवढ्या शिकलात, पन आता सगला राग तिच्यावरच निघंल ना!”

“चुकलं माझं,” डॉक्टर म्हणाल्या. “आता तुम्ही सांगाल तसं करू.” एवढं म्हणायलाही मन मोठं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जनाबाई त्याच दारात उभी.

“मासळी नको. परत यायचं नाही,” रखमाबाई दाराच्या फटीतून म्हणाली.

“नको घेऊ. पन मान आखडली गो, पाटी तेवढी उतरव.”

डोक्यावर भरली पाटी घेऊन उभ्या असलेल्या बाईला नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर येत नाही? रखमाबाईनं रतनला मागं सारलं आणि कुरकुरत स्वतःच हात लावला. जनाबाईच्या ओठांवर शिवी आली होती. तेवढ्यात म्हातारीच्या बांगड्या मागं सरल्या आणि मनगटावर चार बोटांचे काळेनिळे ठसे दिसले.

शिवी जनाबाईनं गिळली. “तुझ्यावर पन?”

“काल. त्या बायका आल्या म्हणून,” रखमाबाई खाली बघत म्हणाली. “दार उघडलंस तर दोघींना जाळीन म्हणतो. पोटचा पोरगा गं माझा.”

“दौलत कधी येतो?”

“सहाला.”

“शनिवारी डाक्टरीणबाई आनि वकीलबाई दोघी असतात. मी न्यायला येते.”

रखमाबाईनं पाटी जमिनीवर टेकवली. मग तिनं दार सताड उघडलं.

“शनिवार कुणी बघितलाय,” ती म्हणाली. “रतन, चपला घाल.”