अंजलीचा आवाज, कंपनीचं पाणी

बारामतीच्या स्टँडवर इंदापूरची गाडी लागायला उशीर झाला, तेव्हापासून अंजलीचा जीव वरखाली होत होता. वरकुट्यात ग्रामसभा सुरूही झाली असेल. ती पोचायच्या आत लोकांनी हात वर केले, तर गावाजवळच्या कंपनीला आपलं सांडपाणी ओढ्यात कायमचं सोडायची परवानगी मिळणार होती. तीही अंजलीच्या शब्दावर. आणि तो शब्द तिने दिलाच नव्हता.

अंजली वरकुट्याची लेक. लग्न होऊन बारामतीत गेली आणि तिथं आवाजावर पोट भरायला लागली. बियाण्यांच्या कंपन्या, पशुखाद्याचे कारखाने, कुणाकुणाच्या फिल्मा; पडद्यावर चकाचक यंत्रं फिरत असतात आणि मागून एक बाई मोठ्या समजुतीनं बोलत असते ना, ती बाई ही. गावाला तिचं भारी कौतुक. लग्नाच्या पंगतीत वाढायला उभी राहिली तरी कुणीतरी म्हणायचंच, "अंजली, जरा ते कंपनीतलं बोलून दाखव की."

दोन दिवसांपूर्वी रंगुबाईचा, तिचा चुलता भानुदास याच्या बायकोचा, फोन आला.

"रेडकू गेलं गं. म्हशीनं बी वैरण सोडलीया. तू मोबाईलवर सांगितलंस म्हणून तुझ्या चुलत्यानं वड्याचं पाणी पाजलं."

"मी कधी सांगितलं, काकी?"

रंगुबाईनं व्हिडिओ पाठवला. ओढ्यातून तपकिरी पाणी झुळझुळत होतं, काठावर म्हशी उभ्या होत्या, आणि अंजली सांगत होती, "हे प्रक्रिया केलेलं पाणी पिकांसाठी आणि जनावरांसाठी पूर्णपणे सुरक्षित आहे." 'पूर्णपणे'च्या आधी ती घेते तो बारीकसा श्वाससुद्धा होता. अंजलीनं तीनदा ऐकलं. या कंपनीची एक फिल्म तिने मागच्या वर्षी केली होती, हे खरं. पण पाण्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती.

तिने स्टुडिओवाल्या ज्ञानेशला गाठलं. तो हसला. "अहो ताई, कंपनीकडं तुमचा जुना आवाज होता. आता मजकूर टाकला की मशीनच वाचतं. तुमची फुकटात जाहिरात होतीय, रागावता काय?" अंजलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ज्ञानेशशी भांडून म्हैस वाचणार नव्हती, म्हणून ती गाडीत बसली.

पोचली तेव्हा शाळेच्या पटांगणात मांडव भरलेला होता आणि स्पीकरमधून तिचाच आवाज फिल्मच्या शेवटी गावाला हाक देत होता. "चला, प्रगतीच्या प्रवाहात सामील होऊ या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंच हिंदुराव उठले आणि म्हणाले, "मग करायचा का ठराव?"

"थांबा, आबा!" अंजली मधूनच वाट काढत पुढं आली. कुणीतरी तिच्या हाती माईक दिला. "ह्या फिल्ममधलं मी बोलले नाही."

मांडवात खसखस पिकली.

"आवाज तर तुझाच हाय की," हिंदुराव म्हणाले.

कंपनीचा माणूस उभा राहिला. ऋषिराज त्याचं नाव. पुण्याचा, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. "मॅडम बरोबर सांगतायत. आवाज मॅडमचाच, फक्त त्यांना बारामतीहून बोलावून त्रास द्यायची गरज राहिली नाही. बघा." त्याने मोबाईलवर काहीतरी लिहिलं, आणि स्पीकरमधून अंजली बोलली, "वरकुट्याच्या समस्त ग्रामस्थांचं मनःपूर्वक स्वागत!"

खरी अंजली तोंड मिटून समोर उभी होती. लोक एकदा तिच्याकडं, एकदा स्पीकरकडं बघू लागले. टपरीवाला भीमा ओरडला, "सायेब, आमच्या हिचा बी आवाज भरून घ्या. बंद करायचं बटन तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ द्या!" सगळा मांडव हसला. गावाला हे आवडलं होतं. आता हात वर जायला वेळ लागणार नव्हता.

"अजून एक लिहा," ती म्हणाली. "लिहा, या पाण्यानं भानुदासचं रेडकू मेलं."

ऋषिराजचं हसू मावळलं. "मॅडम, तसं काही सिद्ध झालेलं नाही."

बायकांतून रंगुबाई उठली. "मघाचं तरी काय सिद्ध करून लिवलं व्हतं? लिवा की."

"लिहा साहेब," हिंदुराव म्हणाले. त्यांचाही सूर बदलला होता.

ऋषिराजनं इकडं तिकडं पाहिलं, पण सुटका नव्हती. त्यानं लिहिलं. आणि स्पीकरमधून तोच गोड, समजूतदार आवाज आला, एखादी आनंदाची बातमी सांगावी तसा: "या पाण्यानं भानुदासचं रेडकू मेलं."

कुणी हसलं नाही. भानुदास खाली मान घालून बसला होता, त्याने डोळ्याला धोतराचा सोगा लावला.

अंजलीला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात हिंदुराव तिच्याकडं वळले. "पोरी, त्या डब्यावर इश्वास न्हाय ठेवायचा, हे कळलं. पर तुझ्यावर तरी कसा ठेवावा? तू बी लिहून दिलेलंच वाचतीस. आज बी कुणी दिलं असंल लिहून."

ते तिला वर्मी लागलं. कारण खोटं काहीच नव्हतं. इतकी वर्षं ती दुसऱ्यांचे कागदच वाचत आली होती. खत चांगलं म्हणा, म्हटलं. बियाणं चांगलं म्हणा, म्हटलं. माणसं वाट बघत होती. मग तिला मागच्या वर्षीची ती दुपार आठवली. स्टुडिओतली काच, काचेपलीकडं हाच ऋषिराज, आणि आपण कागदावर एका ओळीवर बोट ठेवून थांबलो होतो.

तिने माईक टेबलावर ठेवला. बोलताना तिचा तो कमावलेला सूर कुठं गेला, तिलाही कळलं नाही.

"व्हय आबा, मी लिवलेलंच वाचते. पर जनावरांचं हे वाक्य मागल्या साली माझ्याम्होरं आलं व्हतं. मी इचारलं, ह्ये तपासलंय कुणी? कुणी सांगंना, म्हणून मी वाचलं न्हाय. ती वळ त्यांनी काढून टाकली. आन् आता त्या डब्याकडनं वाचून घेतली. त्यो इचारत न्हाय, म्हणून." ती ऋषिराजकडं वळली. "खोटं असंल तर सांगा तुमी. तुमी तितंच व्हता."

मागच्या रांगेतली माणसं नीट ऐकू यावं म्हणून उठून पुढं सरकली होती. ऋषिराजच्या हातात मोबाईल होता. त्याने तो खिशात घातला.

"कोणकोण ठरावाच्या बाजूनं?" हिंदुरावांनी रीतसर विचारलं. एकही हात वर गेला नाही.

मांडव रिकामा होऊ लागला. रंगुबाईनं भोवतीच्या पोरांना हाकललं आणि अंजलीचा हात घट्ट धरून ठेवला, जणू हिलासुद्धा कुणी पळवून नेईल. अंजलीचं रडू फुटायच्या बेतात होतं आणि भूकही लागली होती. ऋषिराज स्पीकरच्या वायरी गुंडाळत होता.

"माझा आवाज मला परत द्या," ती त्याला म्हणाली.

"माझ्या हातात असतं तर दिला असता, मॅडम." तो खरंच ओशाळला होता. "पण तो कंपनीकडं आहे. इथं नाही जमलं तर पुढच्या गावात लावायचा, असा हुकूम आहे. गुरुवारी कळंबला सभा आहे."

"कळंबला मला कोण वळखतं?" अंजली स्वतःशीच पुटपुटली. तिथं तिचा चुलता नव्हता, सरपंच तिला पोरी म्हणणार नव्हता. तिथल्या लोकांनी तिचा आवाज आधी ऐकलेला असणार आणि तिचं तोंड नंतर दिसणार.

तिने डोळे पुसले.

"किती वाजता हाय सभा?"