एका हातापुरता कीबोर्ड

गावच्या मासिकाचा मार्चचा अंक हातात पडला आणि इम्केचं डोकं फिरलं. पहिल्याच पानावर तिच्या नावाखाली छापलं होतं, ‘कालव्याकाठची विलोची झाडं तोडण्याचा निर्णय काहीसा घाईचा वाटतो.’ तिने सांगितलं होतं, ‘कालव्याकाठचे विलो तोडणं हा शुद्ध गाढवपणा आहे.’

“फोल्कर्ट!”

नवरा स्वयंपाकघरात साखरपाव कापत होता. सुरी हातात घेऊनच दारात आला.

“मी काय सांगितलं होतं? गाढवपणा. हे ‘काहीसा घाईचा’ कुठून उगवलं?”

“अगं, टाइप करता करता हात तसाच गेला.”

“दोन बोटांनी टाइप करतोस तू. दोन बोटांनी अख्खं वाक्य आपोआप जातं होय?”

फोल्कर्टने सुरीकडे पाहिलं. “बेकरीत पाव घ्यायला गेलो की लोक मला धरतात, इम्के. तुला कोण धरणार? तू घरात असतेस.”

ते खरं होतं. छत्तीस वर्षं तिने नोटरीच्या कचेरीत टायपिस्टचं काम केलं होतं. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत कागदावर उतरवायची, असा तिचा लौकिक होता. निवृत्त झाल्यावर गावचं मासिक म्हणजे तीच होती. मग आदल्या वर्षी नोव्हेंबरात, अंगणात दोरीवरचे कपडे काढत असताना, मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. बोलणं परत आलं, पाय परत आले, उजवा हात मात्र परकाच राहिला. तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी ती सांगायची आणि फोल्कर्ट टाइप करायचा. आणि आज कळलं, की तो सगळं बोथट करत होता.

तिने इतर उपाय केले नव्हते असं नाही. बोललेलं टाइप करणारा प्रोग्रॅम आणला, पण त्याला डच कळायचं, ती बोलायची ती इथली फ्रिजियन भाषा नाही. तिने ‘शेजाऱ्याची मेंढी’ म्हटलं की तो भलत्याच कुठल्या मंत्र्याचं नाव उठवायचा. नेहमीच्या कीबोर्डावर एकट्या डाव्या हाताने प्रयत्न केला. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा आणि अर्ध्या तासात खांदा भरून यायचा. ल्यूवर्डेन शहरातल्या दुकानात विक्रेत्याने तिला डाव्या हाताचं एक यंत्र दाखवलं, त्यात लाल-हिरवे दिवे पळत होते. “याने काय लिहितात?” तिने विचारलं. “लिहीत नाहीत बाई, गेममध्ये गोळ्या घालतात,” तो म्हणाला. एका हाताचा खास कीबोर्डही परदेशातून मागवता येत होता, पण त्यावरची अक्षरं सगळी इकडची तिकडे केलेली. “त्रेसष्टाव्या वर्षी मी परत मुळाक्षरं गिरवू?” म्हणून तिने तो विषय मिटवला होता.

राहिला होता सिप्के. दुधाच्या कारखान्यातला हा निवृत्त वायरमन दर गुरुवारी सकाळी गावघरात, म्हणजे गावाच्या सार्वजनिक सभागृहात, बसून लोकांचे संगणक दुरुस्त करायचा. इम्केच्या जुन्या संगणकावर लिनक्स नावाची फुकटची प्रणाली त्यानेच घालून दिली होती, पण ते भांडणाच्या आधी. सात वर्षांपूर्वी सिप्केला आपल्या जमिनीवर पवनचक्की उभारायची होती. इम्केने मासिकात लिहिलं, ‘सिप्केला वीज नको आहे, त्याला उंची हवी आहे.’ सिप्के अंगाने बुटका. सगळं गाव हसलं, आणि त्या हसण्यातच पवनचक्की गेली. तेव्हापासून, शाळेत एका बाकावर बसलेला हा माणूस तिला अहो-जाहो करायचा.

गुरुवारी ती एकटीच गावघरात गेली. सिप्के एक मॉनिटर उघडून बसला होता.

“बसा,” तो म्हणाला. “काय बिघडलंय?”

“माझा हात,” इम्के म्हणाली.

त्याने प्रथमच वर पाहिलं. तिने सगळं सांगितलं, विलोच्या वाक्यासकट. ‘काहीसा घाईचा’ ऐकल्यावर त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, पण तेवढाच.

“बोटांची जुनी सवय ठेवायची आहे तुम्हाला,” तो विचार करत म्हणाला. “मग असं करता येईल. लहान कीबोर्ड घ्यायचा, म्हणजे हाताला धावपळ नको. असा घ्यायचा, की ज्याच्या आतल्या चिपला शिकवता येतं. स्पेसबार अंगठ्याने दाबून धरला, की उजवीकडची अक्षरं आरशातल्यासारखी डावीकडे येतील. उजव्या हाताचं पहिलं बोट जे लिहायचं, ते डाव्या हाताचं पहिलं बोट लिहील. करंगळीचं काम करंगळीच करेल.”

इम्के आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मनातल्या मनात तिने एक शब्द लिहून पाहिला. बोट बरोबर ठिकाणी गेलं.

सिप्केने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा पुढे सरकवला. आत बिस्किटं नव्हती, कीबोर्डाच्या सुट्या कळा होत्या. “डोळे मिटून दाबून बघा. सगळा भार एका हातावर येणार, त्यामुळे हलकी घ्या. पण इतकी हलकीही नको, की नुसतं बोट टेकलं तरी उमटेल.”

तिने वीस-पंचवीस कळा दाबल्या. खट्ट वाजणारी एक तिला फार आवडली, कचेरीची आठवण आली, पण दहादा दाबल्यावर बोट दमलं. शेवटी तिने एक मऊ, जवळजवळ मुकी कळ बाजूला काढली. “ही.”

“मीही हीच काढली असती,” सिप्के म्हणाला, आणि एवढं बोलल्याचं वाईट वाटल्यासारखा पुन्हा मॉनिटरमध्ये शिरला.

कीबोर्ड यायला बारा दिवस लागले. इम्केने संगणक पिशवीत घातला आणि फोल्कर्टने तो गावघरापर्यंत पोचवून दिला, पण आत आला नाही. सिप्केने तार जोडली. अक्षरं उमटली. आता चिपला शिकवायचं. तर शिकवणारा प्रोग्रॅम म्हणे, कीबोर्ड सापडत नाही.

“समोर नाकाखाली आहे की,” इम्के म्हणाली.

“दिसतोय त्याला. हात लावायची परवानगी नाहीये. लिनक्स असंच आहे, अनोळखी माणसाला घरात घेतं पण कपाटाची किल्ली देत नाही. एका ओळीचा नियम लिहून द्यावा लागतो, की अमुक नंबरच्या कीबोर्डाला या बाईंनी हात लावला तर चालेल.”

त्याने कीबोर्डाचा नंबर पडद्यावर काढला, एका फाइलीत ती ओळ लिहिली, तार काढून पुन्हा जोडली. सापडत नाही. संगणक बंद करून चालू केला. सापडत नाही. कॉफी झाली, दुसरी कॉफी झाली. सिप्केचे कान लाल व्हायला लागले. त्याने त्या संगणकाच्या आईवडलांचा उद्धार केला, मग म्हणाला, “तुम्ही जा घरी. मी बघतो.”

पण इम्के मघापासून पडद्याकडे बघत होती. त्यातलं तिला काही कळत नव्हतं. पण छत्तीस वर्षं तिने दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासलं होतं, आणि त्यासाठी कळावं लागत नाही, बघावं लागतं.

“वर काय आहे? तीन, बी, आठ, डी.”

“हो, तोच नंबर.”

“आणि तू खाली लिहिलंयस तीन, आठ, आठ, डी.”

सिप्के पडद्याला नाक लावून बसला. बी आणि आठ. त्याने आठ खोडून बी केला, तार काढली, जोडली. प्रोग्रॅमच्या चौकटीत कीबोर्डाचं चित्र हळूच उभं राहिलं.

“च्यायला, इम्के,” तो म्हणाला, “दोन तास मला मूर्खासारखं बसू दिलंस! आधी बोलली असतीस तर?”

सात वर्षांनी तो तिला अरे-तुरे करत होता. त्याच्या हे लक्षात आलेलं दिसलं नाही. तिच्या आलं.

मग कळा मांडणं सुरू झालं. शिफ्ट दाबून धरायची गरज नाही, एकदा दाबून सोडली की पुढचं अक्षर मोठं येईल, अशी सोय सेटिंगमध्ये निघाली. फ्रिजियनमधली टोपीवाली अक्षरं कॅप्स लॉकच्या कळेवर आणली. स्पेसबारने मात्र छळलं. ती भराभर लिहायला लागली, की यंत्राला कळेना, बाईंना जागा सोडायची आहे की आरसा हवा आहे. शब्द एकमेकांना चिकटायचे, नाहीतर भलतीच अक्षरं उठायची. सिप्के वाट पाहण्याचा वेळ थोडा वाढवायचा, ती एक ओळ लिहायची, तो थोडा कमी करायचा, ती परत लिहायची. दुपारी एकच्या सुमाराला एक पूर्ण ओळ बिनचूक आली. दोघंही त्या ओळीकडे बघत बसले.

“सिप्के,” ती म्हणाली, “ते उंचीचं मी लिहायला नको होतं.”

तो स्क्रू डब्यात टाकत होता. “आणि पवनचक्कीचं?”

“पवनचक्कीचं बरोबरच होतं.”

सिप्के हसला. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. “तुझ्याकडून एवढं मिळालं तेच पुष्कळ.”

पुढचे तीन आठवडे इम्के रोज सकाळी तासभर बसायची. आधी मिनिटाला पाच शब्द, मग नऊ, मग चौदा. कधी करंगळी अडखळायची आणि तिला रडू यायचं. कधी चार शब्द असे सुटायचे, की जणू दुसरा हात कुठेतरी टेबलाखाली अजून काम करतोय. एप्रिलच्या अंकातला विलोवरचा लेख तिने एकटीने लिहिला. त्यात गाढवपणा तीनदा आला.

त्यानंतरच्या मंगळवारी दुपारी फोल्कर्ट सवयीने टेबलापाशी आला, खुर्ची ओढून बसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो हात मांडीवर ठेवून तसाच राहिला. खिडकीबाहेर पाणकोंबडी कालवा ओलांडून गेली.

“मला आवडायचं ते,” तो म्हणाला. “तू बोलायचीस आणि मी लिहायचो. एरवी आपण एवढं कुठे बोलतो?”

इम्केला हे कधी सुचलंच नव्हतं. इतक्या महिन्यांच्या मंगळवारांत तिला फक्त स्वतःचा न हलणारा हात दिसला होता. तिने नवीन फाइल उघडली.

“एकोणऐंशीच्या हिवाळ्यात, तू बोटींसाठी कालव्यावरचा पूल उघडायच्या कामावर होतास तेव्हा, तो पूल गोठला होता. ते तू मला कधी नीट सांगितलंच नाहीस.”

“त्यात काय सांगायचं? गोठला.”

“सांग की. मी लिहिते.”

“आणि तू शब्द बदललेस तर?”

“एकही बदलणार नाही. पण हळू बोल, मला एकच हात आहे.”

फोल्कर्टने खुर्ची जवळ घेतली आणि घसा साफ केला. “तर,” तो म्हणाला, “सकाळी उठून बघतो, तर पुलाची साखळी माझ्या मांडीएवढी जाड झालेली...”

इम्केने अंगठा स्पेसबारवर टेकवला आणि लिहायला सुरुवात केली.