ग्रे म्हणजे काय

टेमघरच्या गोदामात सार्थक सुपरवायझर म्हणून आला त्याला जेमतेम आठवडा झाला होता. गळ्यात ओळखपत्र, पायात चकचकीत बूट. लूमचा खडखडाट ज्याने जन्मात ऐकला नाही, त्यालाच कापडाचा साहेब करायचं, ही आपल्याकडची जुनी खोड.

"हा माल तू उतरवून घेतलास?" तो माल तपासणाऱ्या चंद्रावर खेकसला.

"हो सर. दोनशे तागे. मोजून, तपासून."

"चलनावर काय लिहिलंय? ग्रे! आणि हे काय आहे? पांढरं! डोळे फुटले का तुझे? माल परत जाईल, आणि तूही उद्यापासून येऊ नकोस."

चंद्राने हातातला खडू खाली ठेवला. अंबाडीपलीकडच्या पाड्यावरून रोज दोन गाड्या बदलून ती इथे येई. माल तपासायचं हे काम मिळण्याआधी सहा वर्षं तिने लूमच्या शेडमध्ये कापडाच्या घड्या घातल्या होत्या. असं कोणाच्याही बोलण्यावर ते सोडायचं?

"सर, ग्रे म्हणजे रंग न्हाय."

"तू मला इंग्रजी शिकवणार?"

"इंग्रजी तुमचं. कापड माझं हाय." तिने ताग्याचं टोक ओढून त्याच्या हातात दिलं. "चोळून बघा. खरखरतंय ना? सुताची खळ हाय ती. लूमवरून उतरलं तसंच आलंय. धुतलं न्हाय, रंगवलं न्हाय. अशा कोऱ्या कापडाला अख्खी भिवंडी ग्रे म्हणते."

सार्थकने बोटं चोळली, पण मान हलवली नाही.

"बरं, इथून हा माल कुठं जातोय? वाचा चलनावर."

"डाईंगला."

"म्हणजे रंगवायला. करड्या रंगाचं तयार कापड परत रंगवायला कोण पाठवील, सर?"

ट्रकवाला रामू फळीवर बसून खो खो हसला. "सर, गाडी वापस लेनी है क्या? बोलो, मैं घुमाता हूँ!"

सार्थकचे कान लाल झाले. तो कॉम्प्युटरकडे वळला. रंगाच्या रकान्यात त्यानेच सकाळी 'करडा' भरलं होतं. ते खोडून तो अडला.

"मग इथे काय लिहू?"

"लिव्हा, अजून ठरायचा हाय."

त्याने तसंच टाईप केलं. मान वर न करता म्हणाला, "उद्या आठला ये."

"मी रोज आठलाच येते सर. तुम्ही साडेनवाला येता."

रामू पुन्हा हसला. या वेळी सार्थकही हसला. चंद्राने खडू उचलला आणि ती पुढच्या ताग्यावर खूण करायला लागली.