शेणाचं मडकं आणि मुंग्या

रोज सकाळी मैनाबाईंचा एक नेम असे. तुळशीला पाणी घातलं की मूठभर साखर-पीठ मुंग्यांना घालायचं, मगच स्वतःच्या तोंडात घास. सतरा वर्षांत तो चुकला नव्हता. मुलगा गेला त्या सकाळीही नाही.

मुलगा जाऊन दीड वर्ष झालं होतं. सून कौशल्या घरात होती, पण नुसती होती. विचारलं तेवढंच बोलायची. आषाढात गट विकास कचेरीतला देवीदास कोंबडीची पांढरी विलायती पिल्लं घेऊन गावात आला, तेव्हा तीच हळूच म्हणाली, "आत्याबाई, मले ठेवू द्या ना."

मैनाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. या घराच्या अंगणात कोंबडीनं कधी पाय ठेवला नव्हता. पण पोरीनं दीड वर्षानं काही मागितलं होतं.

"गोठ्यामागं ठेव बाई. चुलीपाशी येऊ देऊ नको."

बारा पिल्लं आली. नुसत्या कण्यांवर ती वाढेनात. पाय लुळे पडून दोन गेली, तसा देवीदासनं उपाय सांगितला. फुटक्या मडक्यात ओलं शेण, भाजीचे देठ, सडका भोपळा भरायचा आणि तोंड उघडं ठेवायचं. माश्या बसतात, चौथ्या दिवशी अळ्या होतात. त्याच पिल्लांपुढं झटकायच्या.

"अन् शेण?"

"ते उकिरड्यावर, मावशी. खत तं होतेच. मंधातल्या मंधात पिल्लायचं पोट भरते."

"शिव शिव! जीव पाळून मारायचे?"

"मंग लोकायची कोंबडी उकिरडा उकरते, ते काय भजनाले बसते?"

कौशल्या पदर तोंडाशी धरून हसली. ते हसू ऐकलं आणि मैनाबाईंनी कोपऱ्यातलं फुटकं मडकं पुढं सरकवलं.

गोठ्यामागं चार मडकी लागली. आठवड्याभरात पिल्लं पायावर उभी राहिली, कौशल्याच्या मागं मागं पळू लागली. ती त्यांच्याशी बोलायची, रागवायचीसुद्धा. मैनाबाईंना बरं वाटे आणि अळ्यांचं मनाला लागूनही राही. शेवटी त्यांनी तोड काढली. जिथं जीव जातात, तिथंच जिवांना घास द्यावा. दुसऱ्या दिवसापासून साखर-पीठ मडक्यांच्या बुडाशी पडू लागलं, तेही दुप्पट.

मग मडकी रिकामी निघू लागली. कौशल्यानं शेण बदललं, पाणी शिंपडलं. देवीदासलाही उमजेना. पिल्लं पुन्हा बसकण मारू लागली, आणि एक पिल्लू सकाळी उठलंच नाही. कौशल्यानं ते लिंबाखाली पुरलं. संध्याकाळी तिची भाकरी पुढ्यातच राहिली.

"माह्या हातालेच यश नाही, आत्याबाई. जे हाती धरलं, ते जाते."

मैनाबाईंनी भाकरी झाकून ठेवली.

सकाळी त्या नेमाचं पीठ घेऊन गोठ्यामागं गेल्या आणि तिथंच थबकल्या. कालच्या पिठापासून लाल मुंग्यांची रांग मडक्यावर चढली होती. वरून दुसरी रांग उतरत होती, तोंडात एकेक पांढरी अळी घेऊन. पीठ निमूटपणे दुसरीकडे घातलं असतं, तर कोणाला काही कळलं नसतं. त्यांनी हाक मारली.

"कौशल्ये, तुह्या हाताचा दोष नाही. मुंग्या म्याच बोलावल्या."

कौशल्या रांगेपाशी वाकली. "कावून सांगितलं? मले कुठं समजलं असतं?"

"तू सोतालेच बोल लावून राहिली होती, म्हणून."

पूजेची मोठी परात मैनाबाईंनी स्वतः काढून आणली. पाणी भरलं, मधे दगड मांडला, दगडावर मडकं. बाकीची तिन्ही कौशल्यानं तशीच पाण्याच्या घमेल्यांत बसवली. मुंग्यांचा घास चावडीजवळच्या पिंपळाखाली गेला.

"अळ्या होईस्तोवर मी एकभुक्त राहीन," मैनाबाई म्हणाल्या.

"तुमच्या उपासानं माश्या काही लवकर येत नाहीत," कौशल्या म्हणाली. "जेवा मुकाट्यानं. मंग उकिरडा उकरू लागा. तवरीक तिथलेच किडे घालू."

दोघींनी चार दिवस कुदळीनं उकिरडा उकरला. नऊच्या नऊ पिल्लं तगली.

पाचव्या सकाळी मडकं जड लागलं. कौशल्या ते पालथं घालणार, तोच मैनाबाईंनी हात पुढं केला.

"दे इकडं."

"आत्याबाई, तुमची आंघोळ झालेली हाय."

"पुन्हा करीन."

त्यांनी मडक्याला कपाळ टेकवलं, काहीतरी पुटपुटल्या आणि ते पालथं केलं. पिल्लं त्यांचे पाय तुडवत धावली. एक तर थेट नऊवारीच्या ओच्यावर चढलं.

"हाकल याले," मैनाबाई म्हणाल्या. पण स्वतः हलल्या नाहीत. पिल्लं पोटभर खाईपर्यंत उभ्याच राहिल्या. मुंग्यांचा घास त्या दिवशी उन्हं वर आल्यावर पडला.