सासऱ्यांचं निदान

खट्. अंगणात हत्यारांच्या पेटीची कडी उघडली आणि सकाळची शांतता मोडली. मोटरसायकलचं बटण दाबदाबून सून थकली होती. गाडी हूं की चूं करत नव्हती आणि सासरे पाना घेऊन आलेच होते.

"सरक पोरी. उभा जन्म या गाड्यांच्याच नाड्या बघतोय."

दारात नवरा दात घासत उभा. गेल्या आठवड्यात सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये त्यांच्याकडून एका गिऱ्हाइकाच्या चाकाचा नट ढिला राहिला होता. आणखी एक चूक झाली की गॅरेजचं शटर कायमचं खाली, असं नवऱ्यानं तेव्हाच बजावलं होतं. त्याचंही खोटं नव्हतं. पण गॅरेज सुटलं की बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतील, हे तिला दिसत होतं.

सासऱ्यांनी हॉर्न दाबला. शेजारची खिडकी करवादली, "अहो, झोपू द्या की!"

"बॅटरी बसली," सासरे म्हणाले.

बसलेल्या बॅटरीचा हॉर्न असा ठणाणा करतो होय? हे तिला त्यांनीच तर शिकवलं होतं. तिनं हँडलकडे पाहिलं. इंजिन बंद करायचा लाल स्विच 'बंद'वर सरकलेला होता. कुणी गाडी ढकलत आणली की सासऱ्यांचं बोट पहिल्यांदा तिथंच जायचं. "घ्या, झाली दुरुस्ती! आता चहा पाजा," म्हणायचे. आज मात्र त्यांना तो दिसलाच नव्हता.

"बाबा, राहू द्या," नवरा म्हणाला. "मी मेकॅनिक बोलावतो."

सासऱ्यांचा हात हवेतच थांबला. "मेकॅनिक?"

"तुम्ही आधी चूळ भरा, फेस गळतोय," ती नवऱ्यावर डाफरली. मग हळूच म्हणाली, "बाबा, बॅटरीच्या वायरींच्या टोकांवर पांढरं साचलंय का, बघता?"

सासरे लगेच खाली बसले. बाजूचं झाकण काढलं, टोकं खरखरीत कागदानं घासून लख्ख केली, नट आवळले, परत एकदा आवळले. हात जराही थरथरला नाही. गाडी धरल्यासारखं करत तिनं अंगठ्यानं स्विच सरकवला. पायरीवर बसलेली लेक वेणीचं टोक चघळत बघत होती.

"बटण मार आता," सासरे म्हणाले.

गाडी एका दमात सुरू झाली.

"बघ रे! मेकॅनिक बोलावतोय म्हणे, शहाणा!"

नवरा हसला. "बरं बाबा. जा, उघडा गॅरेज."

सासरे पाना खांद्यावर टाकून, लग्नाला निघाल्यासारखे ऐटीत फाटकाबाहेर पडले. पलीकडे गॅरेजचं शटर करकरत वर गेलं. तिनं डबा अडकवला, हेल्मेट उचललं. आज तिथं कुणाकुणाची चाकं उघडतील, हा विचार आत्ता कुठे तिच्या मनात आला.

लेक जवळ आली, पदर ओढून कुजबुजली, "आई, तू कामाला गेलीस की तिकडे आजोबांची बटणं कोण सरकवणार?"