तीन तुटक्या चौकटी

प्रबंधाची जाहीर परीक्षा आमच्याकडे लग्नासारखी होते. त्या दिवशी डोंगरातून माझी सोळा माणसं फेझ शहरात उतरली होती. बायकांनी मागच्या बाकांखाली बदामाच्या बिस्किटांचे डबे, घरच्या भाकरी आणि चहाचे थर्मास सरकवून ठेवले होते. परीक्षा संपली की परीक्षकांना पोटभर खाऊ घालायचं, ही रीत. त्यांनी आधी पोरीची सालटी काढायची आणि मग तिच्याच घरचं खायचं.

माझा सगळा प्रबंध चौथ्या प्रकरणावर उभा होता, आणि चौथं प्रकरण हद्दा मावशीने विणलेल्या एका गालिच्यावर. परीक्षकांचे अध्यक्ष होते सी थामी; 'सी' म्हणजे आमच्याकडे 'साहेब'. चाळीस वर्षांपूर्वी ते आमच्या गावात एक दुपार आले, मावशीकडे जेवले, आणि तेवढ्यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं. गालिच्यात चौकटींची रांग आहे, त्यातल्या तीन काळ्या धाग्याने मधोमध तोडल्या आहेत. ही मूल व्हावं म्हणून बाईने केलेली प्रार्थना, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून संग्रहालयांच्या पाट्यांवर तेच, वर्गात शिकवतात तेही तेच. एका दुपारच्या जेवणावर माणूस जन्मभर मोठा राहू शकतो, हे मला विद्यापीठात येऊन कळलं.

खरं काय ते मावशीने मला ओढ्यावर सांगितलं. आम्ही दोघी तोच गालिचा धूत होतो. तिने पहिल्या तुटक्या चौकटीवर ओलं बोट ठेवलं. "हा बास्सू." दुसरीवर ठेवलं. "ही इज्जा." तिसरीवर बोट नुसतंच राहिलं. आमच्यात सातव्या दिवशी नाव ठेवतात, आणि ते लेकरू सहाव्या दिवशीच गेलं होतं.

"मग त्या साहेबाला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"ताटावर बसलेल्या पाहुण्याला मेलेल्या पोरांचं सांगतात का गं? त्याने बरोबरच्या दुभाष्याकरवी विचारलं, मूल व्हावं म्हणून का हे? म्हटलं, हो बाबा, जेव तू."

दुसऱ्या दिवशी घरी तिने ते सगळं पुन्हा सांगितलं आणि मी टेप केलं. माझे मार्गदर्शक सी मीमून आमच्याच डोंगरातले. ते ऐकून त्यांचे डोळे भरून आले. मग डोळे पुसून म्हणाले, "हे परिशिष्टात ढकल. आधी पदवी घे, मग काय बोंबलायचं ते बोंबल." मी ऐकलं नाही. तीन मेलेल्या पोरांना कोणीतरी नवस म्हणतंय आणि मी ते परिशिष्टात ढकलू?

परीक्षेत सी थामींनी माझा प्रबंध दोन बोटांनी बाजूला सारला.

"मुली, तुझा पुरावा म्हणजे एक टेप. ती बाई तर इथेच बसलीये म्हणे. मग टेप कशाला? तिलाच विचारू की."

चाळीस वर्षं आमच्यावर लिहून या गृहस्थांना आमची भाषा येत नव्हती. मावशीला अरबी येत नाही. तेव्हा दुभाषी मीच.

मावशी उठली आणि त्यांना बघून तिचा चेहरा फुलला. "अगंबाई, हा तोच ना? किती म्हातारा झाला! विचार त्याला, गुडघे बरे आहेत का?"

आमची माणसं हसली. मी म्हणाले, "मावशी, त्या चौकटी कशाच्या ते सांग. मला सांगितलंस तसंच."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग भरलेल्या सभागृहाकडे.

"साहेब म्हणतो तेच. मूल व्हावं म्हणून."

"मावशी!"

"तेच गं. सांग त्याला."

मंडळात आमची भाषा कळणारे एकटे सी मीमून, आणि ते कागदांत डोकं खुपसून बसले होते. मी काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. पण प्रबंधाच्या पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं, विणणारी काय म्हणते ते आधी, पंडित काय म्हणतात ते नंतर. माझी मलाच चीड आली. मी शब्दन् शब्द अरबीत सांगितला. सांगताना आवाज कापला, तो सी थामींना फार आवडलेला दिसला.

पदवी मिळाली, वरच्या श्रेणीत, चौथं प्रकरण काढून टाकण्याच्या अटीवर. "तरुण वयात माणूस कल्पनेत वाहवतो," सी थामी उदारपणे म्हणाले. "आम्ही समजू शकतो." मी सही केली. बायकांनी जिभा हलवत आनंदाच्या किलकाऱ्यांनी सगळं सभागृह दणाणून सोडलं. मावशीने स्वतःच्या हाताने भाकरी मोडून सी थामींना दिली, आणि त्यांनी ती मिटक्या मारत खाल्ली.

नंतर मावशी बाहेरच्या नळावर चहाचे पेले विसळत बसली होती. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"का केलंस असं?"

"पाहुणा होता गं माझा. चारचौघांत त्याला खोटा पाडू?"

"आणि मी? मी पडले ना खोटी! सगळ्यांसमोर!"

तिने पेला उपडा घातला आणि माझ्याकडे पाहिलं. मी का ओरडतेय तेच तिला समजत नव्हतं.

"तुझं काय एवढं," ती म्हणाली, "तू तर घरचीच."