देवाचं पथ्य

"केळ्याशिवाय प्रसाद? अहो ताई, सत्यनारायणाला काय सांगू मी?" गुरुजींनी दर पुनवेचा सवाल टाकला.

"सांगा, घरात पेशंट हाय. ह्या पुनवेलाबी भागवून घे म्हनावं," म्हणत पंचफुलानं सव्वा वाटी रव्यात सफरचंदाच्या फोडी ढकलल्या.

नायगावच्या त्या दोन खोल्यांत सात पुनवा देव पथ्यावर होता. तिचा नवरा श्रीमंत पाण्याचा टँकर चालवायचा. गोदावरी आटते ती आपल्यामुळंच, असं छाती फुगवून सांगायचा. त्याच्या किडन्या गेल्या, तशी डॉक्टरांनी केळं बंद केलं आणि पाणी दिवसाला अर्धा लिटरवर आणलं. इकडं पोथी म्हणते, प्रसाद नाकारला की संकट. मग बाईनं प्रसादच डॉक्टरच्या चिठ्ठीबरहुकूम रांधला. पहिल्या पुनवेला तसबिरीतल्या देवानं तोंड वाकडं केलेलं तिनं स्वतः पाहिलं. सातव्या पुनवेपर्यंत देव चांगला चार किलोनं उतरला होता.

पूजा आटोपून गुरुजी गेले. चंद्र निघायला अवकाश होता, पंचफुलाचा उपास सुटायचा होता. भिंतीला टेकलेल्या श्रीमंतनं प्रसाद कपाळाला लावून चिमूटभर तोंडात टाकला.

"ग्वाड झालाय. आता केळ्याचा कर."

"येड लागलं का? उद्या नांदेडला डायलिसिस हाय तुमचं."

"उद्या जायचं न्हाई."

"म्हंजी?"

"मागल्या खेपेला सिस्टरनं पाचदा टोचलं. नस घावंना. शेवटी तीच रडून राहिली. म्या म्हनलं, बाई, टाकीच फुटली, तू पाइप कुठं जोडून राहिली?"

त्याच्या असल्या बोलण्यावर पंचफुला तीस वर्षं हसत आली होती. आज तिला हसू फुटेना.

"हैद्राबादला न्या म्हनले ना डॉक्टर? तिथं डायलिसिसची सुई टोचायला नवी नस काढतेत."

"दोनदा काढली की. दोन्ही बंद पडल्या." त्यानं बाही वर सारली. मनगटापासून दंडापर्यंत हात काळानिळा होता. "बास झालं, पंचफुले."

 पंचफुला खुंटीवरची पिशवी घेऊन बाहेर पडली.

नाक्यावरचा गाडीवाला सात महिने तिला निव्वळ सफरचंदं विकत होता. आज तिचा हात केळ्यांकडं गेला, तसा त्याचा चेहराच खुलला.

"अरे वा, मावशी! काका बरे झाले म्हना की!"

पंचफुलानं एक फणी उलटीपालटी करून पाहिली, खाली ठेवली.

"हाव," ती म्हणाली. "जरा पिकलेली दे."